बेशुद्ध लक्ष्मणाने बोलावे काय?

खोटं बोलू नये, हे वाक्य आपण ज्या वयात पाटीवर गिरवतो, त्याच वयात शाळेच्या गॅदरिंगमध्ये आपल्याला पुठ्ठ्याचा मुकुट घालून राम करतात. एकाच शाळेत, एकाच बाईंच्या हाताखाली. सकाळी बाई फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ असा सुविचार लिहितात आणि संध्याकाळी त्याच बाई आपल्या गालांना लाली फासत, “आता तू अयोध्येचा राजा आहेस, नाक ओढू नकोस,” असं बजावतात. पुढं जन्मभर माणूस या दोन वाक्यांच्या मध्ये लोंबकळत राहतो.

रंगमंचावरचं खोटं हे खोटं धरायचं की नाही, हा प्रश्न थोरामोठ्यांनी पुष्कळ चघळलेला आहे. त्यात मी पडण्याचं खरं म्हणजे कारण नाही. मी पडलो बी.कॉम. पण गेली वीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर बसून खऱ्या नोटांतून खोट्या नोटा वेगळ्या काढतो आहे. तेव्हा खऱ्याखोट्याबद्दल बोलण्याचा निदान पगारी अधिकार तरी मला आहे, असं मी मानतो. शिवाय बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला गल्लीतलं गणेश मंडळ न विचारता खजिनदार करतं. दुसऱ्याचे पैसे मोजता येतात म्हणजे वर्गणीही जमवता येत असणार, असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात आहे. तर या खजिनदारकीतूनच हा प्रश्न माझ्यापर्यंत आला. आला तो बिलाच्या रूपानं. बिलावर लिहिलं होतं : ‘सुका बर्फ, 20 किलो.’

आता आमच्या कळमनुरीत धुकं ही चैनीची वस्तू आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे इसापूर धरणाच्या बाजूला गेलात तर थोडंफार फुकट बघायला मिळतं, पण त्यासाठी पहाटे उठावं लागतं. बाकी वर्षभर आमच्याकडे दोनच गोष्टी हवेत तरंगतात : धूळ आणि बदलीच्या अफवा. अशा गावात हल्ली ऐन मे महिन्यात, बाहेर बेचाळीस अंशाचं ऊन असताना, नवरानवरी मंगल कार्यालयात पांढऱ्याशुभ्र ढगांवरून चालत येतात. लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात म्हणतात. डेकोरेटरनं ते मनावर घेतलंय. पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर नाकाला लावला आणि मोठ्यानं विचारलं, “कोण गं ओलं सरपण लावलंय?” दुसऱ्या एका गृहस्थांनी तर पाण्याची बादली उचलली होती. आता सगळे सरावलेत. ढग आले की लोक मोबाईल वर करतात.

हे ढग म्हणजे नाटकवाल्यांची जुनीच हौस, नवा माल. विष्णुदास भावे यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं ते 1843 साली. तेव्हापासून आपण रंगमंचावर नाना परीचं खोटं गोडीनं बघत आलो. निळी साडी दोन्हीकडून हलवली की गंगा, पत्रा बडवला की मेघगर्जना. पौराणिक नाटकात राक्षस यायचा तो राळेच्या भपक्यातून. मशालीवर राळेची पूड उडवली की भडका व्हायचा आणि पोरं आईच्या कुशीत शिरायची. नाटकातले राक्षस गेले, राळ मात्र भाषेत राहिली. आरोपांची राळ अजून उडते, फक्त त्यातून कोण बाहेर येतो हे नीट दिसत नाही. मौजेची गोष्ट अशी, की ‘धूळफेक’ हा आपल्याकडे गुन्हा आहे, पण धूरफेक ही कला आहे.

सुका बर्फ या कलेत बराच उशिरा आला. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आपण उच्छ्‌वासातून जो बाहेर टाकतो तोच. 1835 साली तिलोरिये नावाच्या फ्रेंच माणसाला तो प्रथम दिसला आणि 1925 च्या सुमारास अमेरिकेत त्याचा धंदा सुरू झाला. त्याचं तापमान शून्याखाली साडेअठ्ठ्याहत्तर अंश. हातात धरला तर भाजल्यासारखी जखम होते. त्याची खासियत अशी, की तो वितळत नाही. घनरूपातून थेट वायुरूपात जातो, मधली द्रव अवस्था नाहीच. शास्त्रात याला संप्लवन म्हणतात. आमच्या घरात याला पगार म्हणतात. एक तारखेला घन, पाच तारखेला वायू, आणि मध्ये ज्याला आम्ही कॉमर्सवाले ‘लिक्विडिटी’ म्हणतो ती कुणाच्याही नजरेला पडत नाही.

मंडळाचा वीस किलो माल हैदराबादहून निघाला. (निजामाच्या राज्यात होतो तेव्हापासून आमच्याकडे महत्त्वाच्या वस्तू हैदराबादहूनच येतात.) थर्मोकोलच्या खोक्यातून तो कळमनुरीला पोचला तेव्हा पंधरा किलो भरला. खोकं शाबूत, चिकटपट्टी शाबूत, खोक्याखाली थेंबभर ओल नाही आणि पाच किलो माल गायब. बरं, झाकण घट्ट लावून ही गळती थांबवावी तर आतल्या वायूच्या दाबानं खोकंच फुटतं! मी कॉलेजात कन्साइनमेंट अकाउंटमध्ये ‘नॉर्मल लॉस’ शिकलो होतो. वाटेत माल आपला आपण कमी होतो तो नॉर्मल, चोरीला जातो तो अ‍ॅबनॉर्मल. पंचवीस वर्षांत त्या ज्ञानाचा पहिल्यांदाच उपयोग झाला. अध्यक्षांना मात्र ते पटेना. “साहेब, बर्फ आहे. थोडाबहुत पाणी तर सांडायला पाहिजे का नाही?” असं ते तीनतीनदा म्हणाले. न सांडलेल्या पाण्याचा संशय आमच्या मंडळात अजूनही काहींच्या मनात आहे.

बर्फ कशासाठी होता, तर मुलांच्या नाटकासाठी. लक्ष्मणाला शक्ती लागते, तो मूर्च्छित पडतो, रणभूमीवर धुकं पसरतं, राम विलाप करतो, सुषेण वैद्य औषधी सांगतो आणि मारुती द्रोणागिरी घेऊन येतो. पर्वत थर्मोकोलचा. म्हणजे सामानाची आणि पर्वताची पॅकिंग एकच.

इथं आमच्या गल्लीतले निवृत्त विज्ञानशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं ‘मास्तर’ म्हणतात, आणि आमचे अध्यक्ष यांच्यात पहिली झकाझकी झाली. मास्तरांचं म्हणणं, असलं खोटं धुकं मुलांच्या नाटकात कशाला? अध्यक्षांचं म्हणणं, “मास्तर, लोकाला माहीत आहे ना खोटं आहे म्हणून? मग ते खोटं कसं?” मला अध्यक्षांचा हा मुद्दा मनापासून पटला. आपल्याकडे पहिला मूकपट काढणारे दादासाहेब फाळके एके काळी ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे खेळ करीत. फाळके हे आडनाव उलटं करून घेतलेलं नाव. आता जो जादूगार आपलं नावच उलटं करून येतो, तो आपण तुम्हाला फसवणार हे आधीच सांगून मोकळा होतो. यापेक्षा प्रामाणिक माणूस कोण? अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगभूमीवर आलं. त्यात लखोबा लोखंडे जगाला फसवतो, आणि फिरता रंगमंच डोळ्यांदेखत गर्रकन फिरून आपल्याला एका गावातून दुसऱ्या गावात नेतो. लखोबाची फसवणूक आणि रंगमंचाची फसवणूक यांत कुणाचा घोटाळा होत नाही. पहिलीबद्दल कोर्ट, दुसरीला टाळ्या.

याला आमच्या कॉमर्सकडे कायद्याचा आधारही आहे. 1872 च्या करार कायद्यात संमतीची व्याख्या दिली आहे : दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं राजी झाली तर ती संमती. नाटकाचं तिकीट म्हणजे असा करारच. तुम्ही मला दोन तास गोडीनं फसवा, मी गोडीनं फसतो. धुकं खोटं आहे हे मलाही ठाऊक, तुम्हालाही ठाऊक. झाला व्यवहार. सही, शिक्का.

पण या व्याख्येत एक पाचर आहे. ‘एकाच अर्थानं.’ आमच्याच जिल्ह्यातल्या नरसीला संत नामदेवांचा जन्म झाला असं मानतात. लहानपणी वडिलांनी नामदेवाला विठ्ठलाकडे नैवेद्य घेऊन पाठवलं, ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. नैवेद्य देवाला ‘दाखवायचा’ असतो आणि मग घरी आणून आपण जेवायचं असतं, हे मोठ्यांचं आपसात ठरलेलं. नामदेवाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, जेव! गोष्टीतला विठ्ठल जेवला आणि मोठ्यांची अब्रू वाचली. पण मुद्दा असा, की मोठ्यांच्या मंडळात ठरलेला ‘अर्थ’ लहान पोराच्या पदरी तसाच्या तसा पोचेल याची खात्री नसते. त्याला वाटतं, सांगितलंय ते खरंच करायचं.

आता धुक्याचं शास्त्र थोडं सांगितलं पाहिजे, कारण सगळी गंमत तिथंच आहे. पिंपात गरम पाणी घेतात आणि जाळीच्या टोपलीतून सुका बर्फ त्यात सोडतात. बुडबुडे फुटतात आणि पांढरे लोट बाहेर पडतात. आपल्याला वाटतं, हा बर्फाचा धूर. तो बर्फाचा नसतोच. ते असतात पाण्याच्या वाफेचे थंडीनं झालेले बारीक थेंब. म्हणजे जे दिसतं ते धुकं अगदी खरं, निरुपद्रवी, इसापूरच्या धुक्याचं सख्खं भावंडं. खरा वायू त्याच्या आत लपून येतो. त्याला रंग नाही, वास नाही म्हटलं तरी चालेल. एक किलो सुक्या बर्फाचा साधारण साडेपाचशे लिटर वायू होतो. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाचशे लिटरची आहे. हा वायू हवेच्या दीडपट जड आणि त्यातून गार, म्हणून वर जात नाही, जमिनीला धरून वाहतो. धुकं पायाशी लोळतं, ढगांवरून चालल्यासारखं वाटतं, ते याच कारणानं. ज्या गुणामुळं ते सुंदर दिसतं, त्याच गुणामुळं ते खाली असणाराच्या नाकाशी येतं. साध्या हवेत या वायूचं प्रमाण 0.04 टक्का. ते चार टक्क्यांपर्यंत गेलं की जिवाला तत्काळ धोका समजतात. त्याच्या किती तरी आधी डोकं दुखतं, दम लागतो, गुंगी येते.

आता विचार करा. रंगमंचावर उभा असतो तो राम. आडवा असतो तो लक्ष्मण.

रंगीत तालमीच्या दिवशी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, धुकं बाहेर जाऊ नये म्हणून. पंखे बंद होते, धुकं उडू नये म्हणून. मी बाहेर ओसरीवर पावतीपुस्तकं जुळवत बसलो होतो. आतून रामाचा विलाप ऐकू येत होता. राम तो उभ्यानंच करीत होता, कारण खाली बसलं की त्याचं धोतर सुटायचं. मध्येच लक्ष्मणाचा बारीक आवाज आला, “काका, डोकं दुखायलंय.” त्यावर हशा झाला आणि कुणीतरी दटावलं, “अरे, तू बेशुद्ध आहेस! बेशुद्ध माणूस बोलतो का?” मुलगा गुणी. गप्प झाला. नंतर अगदी हुबेहूब बेशुद्ध दिसायला लागला आणि म्हणे दिग्दर्शकांनी “वा!” असं म्हटलं.

त्याला वाचवलं मारुतीनं. रामायणातल्याप्रमाणेच, फक्त संहिता सोडून. मारुती म्हणजे तिसरीतला एक गोल पोरगा, विंगेत थांबून थांबून कंटाळलेला. तो द्रोणागिरी तिथंच टाकून सरळ रंगमंचावर घुसला. “अरे, तुझी एंट्री नाही अजून!” दिग्दर्शक ओरडले. मारुती म्हणाला, “सर, हा खोटं-खोटं नाही पडलेला, खरं-खरं पडायलाय!” त्यानं लक्ष्मणाचे दोन्ही पाय धरले आणि ओढतच दार गाठलं. दार धाडकन उघडलं, धुक्याचा एक लोट पायऱ्यांवरून खाली उतरला आणि पाठोपाठ लक्ष्मण ओसरीवर आला. मोकळ्या हवेत पाच-दहा मिनिटांत त्यानं डोळे उघडले, पाणी प्यायला, आणि मारुतीच्या प्रवेशासाठी आणलेली दोन केळी खाल्ली. मग मात्र मारुती रडायला लागला. ती केळी त्याची होती.

सगळे हसले. त्या हसण्यात जरा कापरं होतं, एवढंच. कारण ही थट्टा किती लांबू शकते याचे दाखले जगात आहेत. फेब्रुवारी 2020 मध्ये मॉस्कोत एका वाढदिवसाला गंमत म्हणून पोहण्याच्या बंदिस्त तलावात 25 ते 30 किलो सुका बर्फ ओतला. धुकं सुंदर आलं, आणि तीन माणसं गेली. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतरची मुखशुद्धी म्हणून पाहुण्यांच्या हाती चक्क सुका बर्फ पडला. पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. आणि हाच बर्फ 2020 च्या डिसेंबरात परदेशात शून्याखाली सत्तर अंशांत ठेवाव्या लागणाऱ्या करोनाच्या लशी जपत गावोगाव फिरत होता. तेव्हा दोष बर्फाला देण्यात अर्थ नाही. तो बिचारा कुठंही गेला तरी आपला स्वतः विरून जाण्याचा धर्म सोडत नाही.

मग दोष कशाला? त्या रात्री मंडळाची तातडीची बैठक झाली. मास्तर म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं, खोटेपणा वाईट. अध्यक्ष म्हणाले, लोकांचा आनंद बघा. दोघंही आपापल्या जागी ठाम. मला मात्र वाटत होतं, दोघंही भलत्याच जागी ठाम आहेत. भांडण धुकं खोटं की खरं याचं नव्हतंच. धुकं तर खरंच होतं. खोटी होती लक्ष्मणाची बेशुद्धी, आणि घोटाळा असा, की तिनं खऱ्या बेशुद्धीला बोलायची बंदी केली. नाटकात दुखत नसलेल्यानं दुखतंय म्हणायचं असतं, हे आपल्याला कळतं. पण ज्याला खरंच दुखतंय त्यानं काय म्हणायचं? तो जे काही म्हणेल त्याला आपण अभिनय समजणार. तो गप्प बसला तर उत्तम अभिनय समजणार.

बेशुद्ध लक्ष्मणानं बोलू नये, हा नाटकाचा नियम रास्त आहे. पण मग त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला बांधील असलं पाहिजे. करार कायद्यातच पुढं एक मजेशीर वाक्य आहे. नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नव्हे, असं कायदा म्हणतो. मात्र बोलणं हे कर्तव्य असताना गप्प बसणं, ही फसवणूक. परीक्षेत मी हे पाठ करून लिहिलं होतं आणि मार्कही मिळवले होते. त्याचा अर्थ कळला तो ओसरीवर. धुक्यासोबत आणखी काय येतं हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं ते सांगितलंच पाहिजे, आणि सांगायचं ते पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना नव्हे, खाली पडलेल्याला.

ही गोष्ट मला नवी वाटायला नको होती. आमच्या धंद्यातही धुकं सोडतात. कर्जाच्या जाहिरातीचा कागद बघा. वर हसरा शेतकरी, मागं पिवळीधमक हळद, आणि अगदी तळाशी, पायाच्या घोट्याशी येतील अशी बारीक अक्षरं : ‘अटी लागू.’ वरचं चित्र खोटं नसतं. एखादा शेतकरी हसतही असेल. पण जड माल तळाशी असतो, आणि तळाशी कोण असतं? ज्याला वाकून वाचता येत नाही तो. साहेब लोक उभ्यानं व्यवहार करतात, त्यांच्या नाकापर्यंत अट कधी पोचत नाही. हल्ली मी अंगठा घेण्यापूर्वी ती बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवतो. रांग लांबते, लोक कुरकुरतात, मॅनेजर घड्याळाकडे बघतात. एक म्हातारे गृहस्थ मात्र सगळं ऐकून म्हणाले, “एवढं सगळं आहे का त्याच्यात? मग घरी जाऊन पोराला विचारून येतो.” आले नाहीत. शाखेचं उद्दिष्ट एकानं हुकलं.

आता तुम्ही विचाराल, नाटक झालं का? झालं की. बैठकीत धुकं रद्द करावं असा ठराव आला होता, पण तो मास्तरांनीच हाणून पाडला. “सुंदर दिसतं ते,” मास्तर हळूच म्हणाले, “कामून बंद करायचं?” त्यांनी अटी घातल्या. दारं उघडी. बाजूचे पंखे चालू. धुकं दोन मिनिटं, जास्त नाही. पिंपाजवळ हातमोजे घातलेला मोठा माणूस. आणि लक्ष्मण जमिनीवर पडणार नाही. तीन फुटी बाकावर तपकिरी चादर टाकून त्याची टेकडी केली, तिच्यावर पडेल. कुणीतरी सुचवलं, लक्ष्मणाशेजारी मेणबत्ती लावू, विझली की समजायचं. मास्तर म्हणाले, “मेणबत्ती विझेपर्यंत थांबलात तर पोरगं तिच्याआधी विझेल. त्यापेक्षा त्याला बोलायची परवानगी द्या.” तीही दिली. बेशुद्धीत हात वर केला की नाटक थांबवायचं, असं ठरलं. प्रयोगात लक्ष्मणानं दोनदा हात वर केला. एकदा खरंच, म्हणजे चादर टोचत होती म्हणून. आणि एकदा समोर त्याची आई दिसली म्हणून. लोकांना वाटलं, मरणोन्मुख वीर निरोप घेतोय. टाळ्या पडल्या.

खोट्याबद्दलचा माझा हिशेब आता असा आहे. एखादं खोटं चांगलं की वाईट, हे ठरवताना टाळ्या किती पडल्या ते मोजू नये, आणि ते खोटं आहे म्हणून कपाळालाही आठ्या घालू नयेत. त्या धुक्यात सगळ्यात बुटकं कोण उभं आहे, सगळ्यात खाली कोण पडलंय, त्याला विचारावं : बाबा, तुला श्वास घेता येतोय ना? त्यानं मान डोलावली तर खुशाल ढग सोडावेत. माणसाला पायाखाली थोडे ढग लागतातच. नुसत्या कळमनुरीच्या धुळीत जन्म निघत नाही.

मंडळाच्या जमाखर्चात मी बाकभाडं, चादर आणि दोन जादा केळी अशी नोंद रीतसर घातली आहे. यंदा कैलासाचा देखावा आहे. शंकर समाधीत बसलेला, भोवती धुकं. मास्तरांनी नकाशा पाहिला आणि शंकराच्या गळ्यापाशी पेन्सिलीनं रेघ मारली. म्हणाले, धुकं इथपर्यंत येईल. एकतर धुकं कमी करा, नाहीतर हिमालय उंच करा. अध्यक्ष म्हणाले, “अहो मास्तर, साक्षात शंकर आहे. त्यानं हलाहल पचवलं!”

मास्तर म्हणाले, “त्यानं पचवलं. त्याचं काम करणारा चौथीत आहे.”

हिमालय दोन फुटांनी उंच करण्याचा खर्च मी मंजूर केला आहे.